सही अगोदर, ठराव नंतर

लोकसभेत बायका बसू लागून सत्तर वर्षं उलटून गेली. मंद्रूपच्या पुढच्या आमच्या गावात सरपंचाच्या खुर्चीपर्यंत त्यांचा नंबर लागला तो मागच्या निवडणुकीत. तोही नावापुरता. भिंतीवरच्या फलकावर अकरा पुरुषांच्या खाली निंगव्वाचं नाव रंगवलं, एवढंच.

निंगव्वा आठवडी बाजारात लिंबाखाली मेथी-शेपू विकते. आरक्षण पडलं तेव्हा तिच्या नवऱ्याने, तिप्पण्णाने, तिला उभं केलं आणि ती निवडून आल्यावर खुर्चीत स्वतः बसला. मी इथल्या ग्रामपंचायतीची ग्रामसेविका. सभेचं रजिस्टर घेऊन मीच तिच्या घरी जायचे. ती पानाच्या तळाशी सही करायची, वरची जागा कोरी असायची, ठराव मी नंतर लिहायचे. सगळीकडे असंच चालतं, अशी मी माझी समजूत घालायचे. खोटं कशाला बोलू, मला ते सोयीचंच होतं.

मार्चमध्ये त्या कोऱ्या जागेत तिप्पण्णाने माझ्याकडून एक ठराव लिहवून घेतला. बाजारातली लिंबाखालची जागा दुकानगाळे बांधायला बसवराज कंत्राटदाराला द्यायची. भाजीवाल्या बायकांनी बसायचं कुठं, याबद्दल त्यात एक ओळ नव्हती. निंगव्वाला हे कळलं ते बसवराज टेप घेऊन जागा मोजायला आला तेव्हा. त्याने ठरावाची झेरॉक्स काढून तिला तिचीच सही दाखवली.

पुढच्या सभेला ती स्वतः आली, बाकीच्या तिन्ही सदस्य बायकांना घेऊन. सातांत त्या चौघी. तिप्पण्णा खुर्चीतून उठला नाही, म्हणून ती भिंतीलगतच्या बाकावर बसली. मी रजिस्टर उघडलं.

विषय पहिला नेहमीचाच होता, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. ते कधीच कोणी वाचत नाही. मी 'कायम' लिहायला पेन टेकवलं.

"ओदरी," निंगव्वा कानडीत म्हणाली आणि मग मराठीत, "वाचा, म्याडम."

मी ठरावासकट सगळं वाचलं. सही तुझीच आहे की नाही तेवढं सांग, असं तिप्पण्णाने तिला दरडावलं.

"सही माजीच हाय," ती म्हणाली. "म्याडम, मी सही केली तवा वर काय लिवलं हुतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं बोलले तर चौकशी लागणार, नोकरीही जाईल. बसवराज दारातच उभा होता. निंगव्वाच्या बोटांच्या चिरांत मेथीचा हिरवा डाग होता, तोच मला का दिसत राहिला कुणास ठाऊक.

"काही नव्हतं," मी म्हणाले. "पान कोरं होतं."

"मग ह्यो ठराव कायम न्हाय." बाकीच्या तिघींचे हात वर झाले. "आन् सदस्य नसून खुर्चीत कोण बसलंय, ते बी लिवा."

तिप्पण्णा चिडला नाही. उलट हसला आणि नाव सांग की, म्हणाला. लग्नाच्या बावीस वर्षांत तिने त्याचं नाव एकदाही तोंडात आणलं नव्हतं. आजही आणणार नाही, याची त्याला खात्री होती.

निंगव्वाने पदर सारखा केला.

"ह्येंचं नाव मी घेत न्हाय," ती मला म्हणाली. "तुमी लिवा."

मी लिहायला घेतलं. नाव पुरं व्हायच्या आत खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

माझी चौकशी अजून चालू आहे. त्या दिवशी निंगव्वा खुर्चीत येऊन बसली, तिने सगळं पान माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं आणि शेवटच्या ओळीला चिकटून सही केली.