चहाला गेलेला मुलगा

लाँड्रीचा मालक मी, पण नावालाच. दुकान चालवतात त्या मावशी. वडिलांनी त्यांना कामावर घेतलं तेव्हा मी चौथीत होतो. इस्त्री कशी धरायची, ती तापली की नाही हे ओल्या बोटाने कसं बघायचं, हे मला त्यांनीच शिकवलं, आणि मी जाळलेली पहिली बाही वडिलांपासून लपवलीही त्यांनीच. म्हणून त्या मला 'अरे' म्हणतात, मी त्यांना 'तुम्ही' म्हणतो, आणि मालक कोण असा प्रश्न गिऱ्हाइकांना पडत नाही.

गल्लीत त्यांना खिसेमावशी म्हणतात. कपडे आणले की गिऱ्हाइकासमोरच प्रत्येक खिसा उलटा करायचा, ही त्यांची पद्धत. गोळ्या, चिठ्ठ्या, तिकिटं, काय वाटेल ते निघतं. एकदा दातांची कवळी निघाली. "आजोबा सकाळपासून गप्प का आहेत ते कळलं," मावशी म्हणाल्या. एकदा एका साहेबांच्या खिशातून कानातलं निघालं आणि साहेबांची बायको शेजारीच उभी होती. मावशींनी डोळ्याचं पातंही न लववता ते उचललं. "हे माझं. मघाशी पडलं असणार." साहेब तेव्हापासून दुसऱ्या लाँड्रीत जातात. उपकार करून गिऱ्हाईक घालवलंत, असं मी त्यांना अजून ऐकवतो.

मावशींचे यजमान, आमचे काका, लिफ्ट मेकॅनिक होते. मुलगा त्यांच्याच हाताखाली तयार झाला. त्या धंद्यातला एक नियम सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. लिफ्टच्या तळाशी खड्डा असतो. त्यात उतरायच्या आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात घेऊन उतरायचं. दुसरी किल्ली नसतेच. खालचा माणूस वर आल्याशिवाय लिफ्टला वीज मिळता कामा नये, इतका साधा हिशोब. काकांनी हा नियम सव्वीस वर्षं पाळला होता.

पाच वर्षांपूर्वी, मावशींच्या सुट्टीच्या दिवशी, काका कामाला निघाले तेव्हा त्यांच्या खिशापाशी ग्रीसचा डाग दिसला. "हा घालून गेलात तर लोक मला हसतील," म्हणून मावशींनी त्यांना शर्ट बदलायला लावला. पहिला शर्ट बादलीत गेला. जन्मभर जगाचे खिसे तपासणाऱ्या बाईने नवऱ्याचा खिसा तपासला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. अकराच्या सुमारास शर्ट पिळताना किल्ली हाताला लागली. खड्ड्यात उतरताना काका फोन पिशवीत ठेवतात हे माहीत असल्यामुळे मावशींनी मुलाला फोन लावला. बाबांची किल्ली घरी राहिलीय, त्यांना कुलपाशिवाय उतरू देऊ नकोस, असं बजावलं. तो "बरं" म्हणाला.

काका तोवर उतरले होते. त्यांचं कुलूप पिशवीच्या कडीत बंद होऊन बसलं होतं, किल्लीशिवाय त्याचा उपयोग शून्य. लिफ्ट बंद म्हणून सातव्या मजल्यावरची माणसं आरडाओरडा करत होती. काकांनी मुलाला तळघरातल्या स्विचपाशी उभं केलं. मी वर येईपर्यंत इथून हलायचं नाही, असं सांगून ते खाली गेले. मुलगा हलला. स्विच बंद आहे, कुलूप नाही, जवळ कुणी नाही, असं पाहून वॉचमनने तो चालू केला. लिफ्ट खाली आली.

हॉस्पिटलच्या बाकावर मी मावशींच्या शेजारी बसलो होतो. मुलगा समोर येऊन उभा राहिला. "कुठे होतास तू?" एवढंच त्यांनी विचारलं. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "चहाला गेलो होतो."

चौकशीतही त्याने तेच सांगितलं. मावशींच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली, की मी फोन करून बजावलं आणि तरीही हा चहाला गेला. पंधराव्या दिवशी त्यांनी त्याचे सगळे कपडे धुतले, इस्त्री केले, घड्या घालून दाराबाहेर ठेवले आणि आतून कडी लावली. तो ते उचलून गेला. लिफ्टच्या कामावर त्याला परत कुणी घेतलं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला तो पाण्याचे पंप बसवायचं काम करू लागला.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशा मावशी. दहाव्या दिवशी त्या कामावर आल्या होत्या, आणि नंतरच्या चार वर्षांत एक खाडा नाही. दुकानातला चहा मात्र बंद झाला. मी कोपऱ्यावर जाऊन चोरून प्यायचो आणि बाहेरख्याली नवऱ्यासारखा तोंड पुसत परत यायचो. मुलगा मला रस्त्यात दोनदा दिसला. दोन्ही वेळा मी पलीकडच्या फुटपाथवर गेलो. मलाही त्याचा राग होता, हे कबूल करायला हवं.

गेल्या वर्षी लिफ्ट कंपनीचे एक साहेब दुकानात आले. नव्या मेकॅनिकांना दाखवायला दहा मिनिटांची फिल्म काढायची होती, कुलपाचा नियम मोडला की काय होतं त्याची. त्याच इमारतीत, त्याच तळघरात. मुलगा त्यात स्वतःची भूमिका स्वतःच करायला तयार झाला होता. शेवटी आई आणि मुलगा एकमेकांना भेटतात असं दाखवायचं होतं. मावशी खुर्चीवर बसून दोन शब्द बोलतील का, अशी विनंती घेऊन साहेब आले होते.

मला वाटलं, त्या साहेबांवर इस्त्री फेकतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "येते. पण मला हवं तेच बोलणार. एका कप चहासाठी बाप घालवलास, हे त्याला तोंडावर ऐकवणार, आणि नवीन येणारं प्रत्येक पोर ते ऐकेल असं करा."

"मावशी, ती फिल्म वर्षानुवर्षं दाखवतील," मी म्हटलं.

"म्हणूनच जातेय."

साहेबांनी मुलाला हे कळवलं. तो म्हणे, हरकत नाही. आईला बोलू द्या.

मी त्यांच्याबरोबर गेलो. एकटीने जायची त्यांची तयारी नव्हती आणि मलाही त्यांना एकटं सोडवत नव्हतं. रस्त्यावरून गाड्यांचा उतार थेट तळघरात जात होता. खाली ट्यूबलाइट, पाइपांची गळती, भिंतीवर स्विचचा करडा डबा आणि त्यापलीकडे लिफ्टचं दार. मावशी त्या जागी पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी त्या दाराकडे बघितलं नाही. मी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. मुलगा स्विचपाशी उभा होता. वाळला होता. दोघांमध्ये वीस पावलांचं अंतर होतं आणि दोघंही जमिनीकडे बघत होती.

दिग्दर्शक म्हणजे टोपी घातलेला एक उत्साही माणूस. इथून बघा, तिकडे वळा, आता चहाचा कप घेऊन वर जा, असं मुलाला समजावणं चाललं होतं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हॅलो? हॅलो... थांबा, आवाज तुटतोय. वर येऊन बोलतो," म्हणत तो उतार चढून रस्त्यावर गेला.

मावशींनी मान वर केली. चेहरा असा झाला की मी पाण्याची बाटली शोधू लागलो. त्यांनी पिशवीतून फोन काढला आणि एक नंबर लावला. चार वर्षांत तो त्यांनी पुसला नव्हता. स्विचपाशी उभ्या असलेल्या मुलाच्या खिशात फोन वाजला. त्याने स्क्रीन बघितली, मग आईकडे बघितलं, आणि फोन कानाला लावला.

"ऐकू येतंय?" मावशी म्हणाल्या.

फोनमधून नुसती खरखर येत होती. मला शेजारी बसून ती ऐकू येत होती.

त्यांनी फोन खाली घेतला आणि तिथूनच मोठ्याने विचारलं, "त्या दिवशी मी फोन केला तेव्हा तू इथे उभा होतास?"

त्याने फोन खिशात टाकला.

"तू म्हणालास, आई थांब, आवाज तुटतोय, वर येतो. मग एकदम नीट ऐकू यायला लागलं. मला वाटलं, बाहेरच कुठेतरी असशील. बाबा अजून उतरले नसतील."

"आई, शूटिंग आहे. नंतर बोलू."

चार वर्षांनंतरचं त्याचं आईशी पहिलं बोलणं हे. मावशी उठल्या. स्विचपासून निघून उतार चढत रस्त्यापर्यंत गेल्या, गुडघ्यावर हात ठेवत, मध्ये एकदा थांबून. मी मागे मागे. वर पोचल्यावर त्या वळल्या. तिथून खाली स्विच दिसत नव्हता. लिफ्टचं दारही दिसत नव्हतं.

"माझ्याशी किती वेळ बोलला असेल रे तो?" त्यांनी मला विचारलं. "मी किल्लीचं सांगितलं. शर्टावर डाग होता ते सांगितलं. त्याच्यावर ओरडले, तुम्हा बापलेकांना वस्तू सांभाळता येत नाहीत म्हणून. तेही सांगत बसले मी."

पलीकडच्या फुटपाथवर गेलो ते दोन्ही दिवस मला आठवले, आणि माझी मलाच लाज वाटली.

दुपारी त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. टोपीवाल्याने खूण केली. मावशी सरळ कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "माझा मुलगा चहाला गेला नव्हता. बाप खाली असताना मी त्याला फोन केला. इथे ऐकू येत नाही म्हणून तो वर गेला. मी बोलत बसले. तेवढ्यात झालं."

"खोटं बोलतेय ती," कॅमेऱ्यामागून मुलगा म्हणाला. "मी चहालाच गेलो होतो. चौकशीत लिहिलंय."

"बाबांना विचारल्याशिवाय तू कधी चहालाही गेला नाहीस. लहानपणापासून खोटं बोलताना तुझ्या नाकाचा शेंडा लाल होतो. हॉस्पिटलात मी बघितलं असतं तर दिसलं असतं. मी बघितलंच नाही."

टोपीवाल्याने कॅमेरा बंद केला. साहेब घड्याळ बघू लागले. कुणाला काय करावं ते कळेना, तेव्हा सगळे वायरी गुंडाळायला लागले.

मावशी खुर्चीतून उठल्या नाहीत. "मला सांगितलं का नाहीस?"

तो जवळ आला, पण हात लावला नाही. "काय सांगणार होतो? तुझ्या फोनमुळे झालं म्हणून? तू दुसऱ्या दिवशी उठली नसतीस आई. माझ्यावर राग होता म्हणून तरी उठत होतीस, कामावर जात होतीस. मी दुकानासमोरून जायचो कधीकधी. तू इस्त्री करताना दिसलीस की बरं वाटायचं."

मावशींनी त्याला जवळ घेतलं नाही. त्या पाइपातून गळणाऱ्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "चल रे, रिक्षा बघ."

फिल्म मी नंतर बघितली, साहेबांनी पाठवली होती. मावशींचं बोलणं त्यात नाही. फोनचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे, नव्या पोरांना चहा पटकन कळतो, असं साहेब म्हणाले. मुलाच्या जागी एक नट आहे, हातात कप घेऊन उतार चढणारा. शेवटी पांढऱ्या केसांची एक नटी बागेत त्याला मिठी मारते आणि मागे बासरी वाजते. मी ती दहा मिनिटांची फिल्म सातव्या मिनिटालाच बंद करणार होतो, पण राग येण्यासाठी का होईना, पूर्ण बघितली.

शूटिंगनंतर मावशी दुकानात आल्याच नाहीत. चार वर्षांत एक खाडा नाही आणि आता सलग नऊ दिवस. पोरगा बरोबर बोलला होता. रागाच्या आधाराने उभी राहिलेली बाई, तो आधार काढल्यावर खाली बसली. दहाव्या दिवशी मी घरी गेलो. दार मुलाने उघडलं.

"रोज येतो," तो हळू आवाजात म्हणाला. "कामावरून सुटलो की येतो. दार उघडते, परत जाऊन पडते. मी म्हणतो, शिव्या दे, लहानपणी देत होतीस तशा. काही बोलत नाही. काल अर्धी पोळी खाल्ली."

दिवसाढवळ्या खोलीचे पडदे ओढलेले होते. मावशी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. अंगावरची साडी चुरगळलेली. त्यांच्या अंगावर मी सुरकुतलेलं कापड त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी दुकानातलं काहीबाही बोललो, कोणत्या बाईंनी कोणता शर्ट जळाल्याची तक्रार केली वगैरे. त्या ऐकत होत्या की नव्हत्या, देव जाणे. मुलगा पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसला होता.

मग त्या बोलल्या, भिंतीकडे तोंड ठेवूनच.

"तू चहाला गेला असतास तर बरं झालं असतं रे."

मुलाने पलंगाच्या कडेला डोकं टेकलं.

"हो गं आई," तो म्हणाला. "मलाही रोज तेच वाटतं."

त्यांचा हात मागे आला, चाचपडत, आणि त्याच्या केसांवर थांबला. मी दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरलो.