कारखान्याच्या मांडवातली जिलबी

आमचा कडूबा एका जागी बसलेला मी तरी पाहिला नाही. चहा उभ्यानं, जेवणात दोन घास झाले की शेळ्यांकडं चक्कर. लग्नात त्याला पाटावर बसवायला दोन मामा लागले होते, एक या खांद्याला, एक त्या. आवाज असा, की शिवारात शेळीला हाक मारली तर पैठण रोडवरचा रिक्षावाला थांबायचा!

चितेगावच्या पुढं आमचं गाव. शेजारच्या कारखान्याची कोळशाची काजळी बाभळीच्या पाल्यावर बसायची आणि कडूबाच्या पांढऱ्या शेळ्या काळ्या तोंडानं घरी यायच्या. त्यात कारखान्याला वीज करायला कोळशाचाच मोठा प्रकल्प घालायचा होता. शहरातली तनुजा, कॉलेजात शिकणारी पोरगी, मैत्रिणींना घेऊन गावात येऊ लागली. कोळशाच्या धुरानं जगाची हवा कशी तापत चाललीय, हे पारावर समजावून सांगायची.

कडूबा म्हणाला, "पोरी, हे मला शेळ्यांनी कवाच सांगितलं. फाल्गुनातच सकाळी सावली धरून बसत्यात, उठायचं नाव नाय."

त्या दिवसापासून गडी चळवळीत. मोर्चा त्याला लई आवडला, कारण त्यात बसावं लागत नाही.

मग जनसुनावणी आली. शाळेच्या मैदानात मांडव उभा राहिला. सरकारी साहेब लोकांचं म्हणणं लिहून घेणार, आणि त्या दिवशी जे बोललं जाईल तेवढंच वर जाणार. गावातर्फे कडूबानं बोलायचं ठरलं.

पाळी येईपर्यंत कडूबाला दम निघेना. चकरा मारत तो मांडवामागं गेला. तिथं एका माणसानं आग्रहानं हातात द्रोण दिला. पुरी, बटाट्याची भाजी, वर जिलबी. उभ्यानं खायला मिळतंय म्हटल्यावर कडूबानं फस्त केलं. "जिलबी फक्कड झाली," असंही म्हणाला. मग विचारलं, "जेवण कुणाचं?"

"आमच्या कारखान्याचं. मी राजकुमार, तिथला मॅनेजर."

कडूबा धावत माझ्याकडं आला. "आबा, घात झाला. मी त्यांचं मीठ खाल्लं."

"अरे, निम्म्या गावानं खाल्लंय."

"ज्याचं खाल्लं त्याच्याविरुद्ध त्याच तोंडानं कसा बोलू?"

तनुजा रडकुंडीला आली. "काका, ती लाच होती हो!"

"लाच असती तर थुंकलो असतो. त्यानं मायेनं वाढलं, पोरी."

दुसरं कुणी उठावं, तर जेवलेले सगळे माना खाली घालून बसलेले. तिकडं माईकवर नावं पुकारली जात होती आणि कडूबा मांडवाला नुसत्या फेऱ्या घालत होता. बोलला नाही, तर गाव गप्प राहिलं अशीच नोंद होणार.

तेवढ्यात त्याची बायको द्वारकाबाई आली, फडक्यात भाकरी-ठेचा घेऊन. नवरा उपाशी पळाला म्हणून. सगळं ऐकून म्हणाली, "अवं, मग त्यात काय येवढं? त्यानं आपल्याला वाढलं, आपण त्याला वाढायचं. झाली फिटंफाट."

कडूबा थेट पहिल्या रांगेत बसलेल्या राजकुमारकडं गेला. "साहेब, भाकरी खा."

"नंतर खातो, काका."

"नंतर नाय. आत्ताच."

राजकुमार होता वैजापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. घास घेतला तर कडूबाचं तोंड मोकळं होणार, हे त्याला पुरतं कळत होतं. पण समोर धरलेल्या भाकरीला नाही म्हणणं जमेना. त्यानं तुकडा मोडला, ठेच्याला लावला, खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं.

"पोटभर खा," कडूबा म्हणाला, "मी लई लांबड लावणार हाय."

आणि लावली की! माईक बाजूला सारून म्हणाला, "मी ह्यांचं खाल्लं, ह्यांनी माझं खाल्लं. आता मोकळं सांगतो. हा प्रकल्प आम्हाला नको. वीज पायजे, तर वर ऊन पडलंय तेवढं घ्या. ते कमी झालं तर माझ्या शेळ्या दुवा देतील." लिहिणारे साहेब "हळू, हळू" म्हणत राहिले.

तो खाली उतरतो न उतरतो तोच दगडाबाई उठली. "म्या बी जेवलेय. थांबा, घरून भाकर आणते, मग बोलते."

तिच्यामागं आणखी बाया निघाल्या. राजकुमारनं हात जोडले. "मावशी, पोट भरलं. तशाच बोला!"

दिवेलागणीपर्यंत बाया बोलत होत्या. वरून निकाल अजून आलेला नाही. प्रकल्पाच्या जागेवर पायाचा खड्डा तर खणला नाही ना, हे कडूबा रोज सकाळी जाऊन पाहून येतो.