चौकटीतलं वाक्य

सभागृहाच्या कचेरीत तिला सगळे मौनीबाई म्हणत. ती लघुलेखिका होती. एकतीस वर्षं समित्यांच्या बैठकांत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून तिनं दुसऱ्यांचा शब्द न् शब्द टिपला आणि त्यातलं अवाक्षर कधी बाहेर जाऊ दिलं नाही. माणसं मोठी आणि भांडणं पोरकट, असं तिचं मत होतं. पण तेही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मत सांगायला घरी कुणीतरी असावं लागतं.

घर म्हणजे एक खोली, आणि रविवारचं धाकट्या बहिणीकडचं जेवण. तिथंही कुणी बोलायला लागलं की हिचं बोट मांडीवर आपोआप चालायचं. भाचा चिडवायचा, "आई, जपून बोल गं. मावशी लिहून घेतेय." मग ती बोट मुठीत दडवायची आणि तिघंही हसायची. त्या हसण्यावर तिचा पुढचा आठवडा निघायचा.

मग सीमेवर युद्ध पेटलं. भाचा सैन्यातच होता. त्याच सुमारास संरक्षण खरेदीच्या समितीची बंद दाराआड बैठक झाली आणि बुलेटप्रूफ जाकिटांची चाचणी घेणारा इंजिनियर उभा राहिला. "दहापैकी तीन जाकिटांतून गोळी आरपार गेली, साहेब."

जाकिटं अध्यक्षांच्या जावयाच्या कारखान्यातली होती. हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून जो तो आपापल्या कागदांत डोकं खुपसून बसला. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "हे कामकाजातून वगळा."

वगळायची एक रीत होती. वहीतलं वाक्य खोडायचं नाही, त्याच्याभोवती चौकट आखायची. टाइप करताना चौकटीतलं सोडून द्यायचं. अशा शेकडो चौकटी तिनं आखल्या होत्या, बहुतेक शिव्यांभोवती. तिनं आणखी एक आखली.

त्या रविवारी वाढता वाढता बहिणीनं विचारलं, "ताई, तू त्या लोकांत बसतेस. पोरांना देतात ते सामान धड असतं ना गं?"

भाचा परवा निघायचा होता. त्याची भरलेली बॅग दाराशीच होती.

"चांगलंच असेल," ती म्हणाली.

गुप्ततेची शपथ होती, हे खरं. पण खरं सांगायचं तर शपथ तिला तेव्हा आठवलीही नाही. गप्प राहणं अंगवळणी पडलं होतं, इतकंच.

भाचा गेला तो परतलाच नाही. छातीत गोळी लागली, अंगात जाकीट होतं, असं त्याच्याबरोबरच्यांनी घरी येऊन सांगितलं. त्यानंतर दर रविवारी तिचं डोकं दुखू लागलं, बहिणीकडे जाणं थांबलं. बहीण डबा पाठवायची, निरोप पाठवायची. "ताईला माझ्याकडे बघवत नाही, जीव तुटतो तिचा," असं शेजारणींना सांगायची. डबा उघडला की तिला घास उतरत नसे. दुसरी एखादी कडाकडा भांडली असती, बहीण मात्र माया करत होती.

चार वर्षांनी सत्ता बदलली. नव्या मंडळींना सत्याचा पुळका आला होता असं नव्हे, जुन्यांना खिंडीत गाठायचं होतं. जाकिटांच्या खरेदीवर चौकशी आयोग बसला. टाइप केलेली नोंद स्वच्छ निघाली, म्हणून वह्या बाहेर काढल्या. पण तिनं लघुलिपीत स्वतःच्या इतक्या खुणा घुसडल्या होत्या की तिची वही कुणाला वाचता येईना. निवृत्त झालेल्या मौनीबाईंना बोलावणं आलं.

सभागृहाच्याच इमारतीतल्या आयोगाच्या खोलीत मागच्या रांगेत शहिदांची घरची माणसं बसली होती. बहीणही होती. शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून तिनं जागा धरली होती. "मला वाटलंच होतं तू येशील," असं म्हणून तिनं हिचा हात दाबला. तेवढ्यात पुकारा झाला.

वही पुढ्यात आली. ती वाचत गेली आणि चौकटीपाशी थांबली. अक्षर पुसट झालंय म्हणाली असती तर ब्रह्मदेवालाही पकडता आलं नसतं. रविवार परत मिळाले असते. कदाचित डोकंही दुखलं नसतं.

मावशी लिहून घेतेय, असं पोरगं म्हणायचं.

तिनं वाक्य वाचलं. मग तारीख वाचली.

खोलीत गलका झाला. त्यातून बहिणीचा आवाज आला, मोठा नव्हता. "ताई, ही तारीख... मी तुला विचारलं, त्याच्या आधीची?"

न्यायमूर्तींनी हात वर केला. "मागच्यांनी बोलू नये. हे नोंदीतून वगळा." समोरची तरुण लघुलेखिका चौकट आखायला वाकली.

"वगळू नका," मौनीबाई म्हणाली. त्या इमारतीत न विचारता ती पहिल्यांदाच बोलत होती. "प्रश्न बरोबर आहे. उत्तर लिहून घ्या. आधीचीच आहे. मला माहीत होतं. तिनं विचारलं, आणि मी खोटं बोलले."

मुलीनं न्यायमूर्तींकडे पाहिलं. त्यांनी वर केलेला हात खाली घेतला. तिनं लिहिलं.

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून बहीण दाराकडे निघाली होती. तिनं वळून पाहिलं नाही.

"पुढं वाचा," न्यायमूर्ती म्हणाले.

अजून चार पानं उरली होती. तिनं ती वाचली.