सावडीची लॉकं

दोन वर्षांपूर्वी घोडेगावात गोरक्षला शिव्या देणारा माणूस शोधूनही सापडला नसता. आज चौकात उभं राहून विचारा, चहा संपायच्या आत चौघं भेटतील. माझं रेडियमचं दुकान हायवेला लागून आहे. ट्रकच्या मागे चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवणं, नंबर टाकणं, काचेवर देवाचं नाव कापून लावणं हा माझा धंदा. पूर्वी ब्रशने रंगवायचो म्हणून लोक अजून पेंटरच म्हणतात. ड्रायव्हर मंडळींची बडबड मला फुकटात ऐकायला मिळते, आणि हल्ली गोरक्षबद्दल जे कानावर येतं त्याने माझी पट्टी वाकडी बसते. म्हणून हे लिहितो आहे. कुणाला राग आला तर येऊ दे.

गोरक्ष माझ्या वर्गातला. त्याचे वडील इथल्या जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. पोराने तेच करावं असं त्यांच्या मनात होतं, पण याला बैलाचे दात बघण्यापेक्षा ट्रकच्या चाकाखाली शिरण्यात गोडी. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर, आणि चाळिशी उलटल्यावर स्वतःचा कंटेनर ट्रेलर. जुनाच घेतला, पण ठेवला असा की त्याची आई छबूबाई म्हणायची, "सुनेपरीस गाडीची उस्तवार जास्त करतो मेला." इथून कांद्याचा कंटेनर बंदरावर न्यायचा, तिकडून दुसरा भरून आणायचा, हेच त्याचं आयुष्य. दारू नाही, तंबाखू नाही. चिडला की फक्त गप्प बसायचा, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट वाटायचं.

ज्यांनी ट्रेलर जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ट्रेलरवर कंटेनर बांधलेला नसतो, नुसता ठेवलेला असतो. त्याला धरतात ती चार कोपऱ्यांतली चार लॉकं. मुठीएवढं लोखंडी डोकं कंटेनरच्या कोपऱ्यातल्या भोकात शिरतं, खालचा दांडा फिरवला की आडवं होतं आणि घट्ट धरतं. डोकं झिजलं की धरल्यासारखं दिसतं, पण धरत नाही. बहुतेक गाड्यांची लॉकं झिजलेलीच असतात. मालकाला सांगितलं की मालक म्हणतो, पुढच्या खेपेला बघू. गोरक्षने मात्र नगरच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याच्या डोक्यावर बसून चार नवीकोरी लॉकं करून घेतली होती. खालून नट काढला की सुटायची. तेलपाणी करून ती तो अशी ठेवायचा की मला हसू यायचं.

बंदराच्या अलीकडे एक मोठं मैदान आहे. तिथे ट्रेलर तपासतात. ब्रेक, टायर, मागचे दिवे, माझ्या धंद्यातल्या त्या पट्ट्या, आग विझवायचा सिलिंडर, आणि ही लॉकं. सगळं ठीक असलं तर काचेवर पासचं स्टिकर लागतं आणि मग कितीतरी महिने गेटवर कुणी विचारत नाही. नापास झाली तर गाडी भरल्या मालासकट बाहेर उभी. आत कांदा सडतोय, मालकाचा फोन वाजतोय, आणि ड्रायव्हर चाकाला टेकून बसलेला.

आता आमच्या गावाची गंमत ऐका. आमच्याकडे शेतात सावड असते. आज तुझ्या रानात माझे बैल, उद्या माझ्या रानात तुझे. कुणी कुणावर उपकार करत नाही, हिशेबही ठेवत नाही. घोडेगावच्या पोरांनी ही सावड उचलून थेट त्या मैदानावर नेली. ज्याची तपासणी असेल त्याला बाकीच्यांनी आपापल्या गाडीचं चांगलं ते द्यायचं. कुणाचा सिलिंडर, कुणाची स्टेपनी, कुणाच्या मागच्या दिव्याचा बल्ब. गाडी पास झाली की चहाच्या टपरीमागे सगळं परत. लॉकं अर्थातच गोरक्षची. त्या चार लॉकांनी आमच्या गावचे जवळजवळ सगळे ट्रेलर पास करून दिले. त्याला कुणी मागायच्या आत तो पाना घेऊन खाली शिरलेला असायचा. लोक त्याला देवमाणूस म्हणत. मीही म्हणायचो. तपासणीचा नियम ज्याने केला त्याने बरोबरच केला होता, पण त्याला ट्रेलर ठाऊक होता, घोडेगाव ठाऊक नव्हतं.

गोरक्षची धाकटी बहीण दिपाली पुणतांब्याला दिलेली. तिचा नवरा अजिनाथ साधा, हसरा. ट्रेलरवर त्याला लावलं गोरक्षनेच. नगरच्या एका मालकाची गाडी होती, आणि तिची उजव्या बाजूची दोन्ही लॉकं पार गेलेली. मागच्या उन्हाळ्यात तिची तपासणी निघाली. गोरक्षही त्याच दिवशी बंदरावर होता. पुढचं मला त्यानेच सांगितलं, तुटक तुटक, निरनिराळ्या दिवशी.

त्याने आपली दोन लॉकं काढून मेहुण्याच्या गाडीला बसवली. तपासणाऱ्या पोराने दांडे फिरवून पाहिले, समाधानाने मान हलवली, स्टिकर लावलं. अजिनाथने तिथूनच दिपालीला फोन केला, "दादानं सोताची लॉकं काढून दिली. गाडी पास झाली, तू काळजी करू नको." मग दोघं टपरीमागे गेले. अजिनाथनेच लॉकं सोडली, फडक्याने पुसली आणि हातात ठेवली.

"घ्या दादा, तुमची तुमाला."

"तुमी कसं जाताल, पाव्हणं? भरून निघायचंय तुमाला."

"रोज जातो तसा. तुमाला बी भरायचंच हाय की."

त्यालाही भरायचंच होतं, हे खरं. आजवर प्रत्येकाची लॉकं परत घेतली होती, तशीच ही घेतली. तरी जीव राहिला नाही म्हणून अजिनाथचा कंटेनर चढल्यावर उजवे दोन कोपरे त्याने स्वतःच्या हाताने साखळीने आवळले, टॉमी म्हणजे लोखंडी कांब घालून पीळ दिला, आणि घाटात हळू जा म्हणाला. अजिनाथ हसून म्हणाला, मी कधी जोरात जातो?

माळशेजच्या एका उजव्या वळणावर साखळी तुटली. उजवी बाजू उचलली गेली. डाव्या बाजूची लॉकं बरी होती, त्यांनी कंटेनर सोडला नाही. सोडला असता तर एकटा कंटेनर पडला असता. तो सुटला नाही म्हणून त्याने अख्खा ट्रेलर आपल्याबरोबर आडवा केला आणि केबिन अजिनाथसकट खाली दबली. गोरक्ष मागून येत होता.

पेपरात चार ओळी आल्या. भरधाव ट्रेलरवरील चालकाचा ताबा सुटल्याने. हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याच्या घरचं कुणी गेलं नसावं. चौकशी झाली, तिनेही तेच म्हटलं. लॉकं पडताना तुटली की आधीची तुटकी, हे त्या लोखंडाच्या चेंदामेंद्यात कोण सांगणार? आणि गाडी तर त्याच दिवशी पास झालेली. म्हणजे गाडी चांगली होती, म्हणजे माणूस वाईट होता. सरळ हिशेब. पुणतांब्यात कुणीतरी म्हणालं, प्यायला असेल. जो चहासुद्धा अर्धा प्यायचा तो माणूस! मग तेच सगळीकडे झालं. दिपाली दळण घेऊन गेली तरी बायका बोलायच्या थांबायच्या.

तेराव्याला मी गेलो होतो. मंडळी पांगल्यावर दिपाली भावापाशी आली.

"दादा, तुझी लॉकं हुती ना रं गाडीला? त्यांनी मला फोनवर सांगितलं हुतं. मंग कंटेनर कसा सुटला?"

गोरक्ष तिच्याकडे बघत राहिला. तिला ठाऊकच नव्हतं की पास झालेल्या गाडीची लॉकं काढून घेतात. कुणाच्या डोक्यात येईल असली गोष्ट? तिला वाटलं दुःखाने गप्प आहे. तिनेच त्याला पाणी आणून दिलं. मला तिथे उभं राहवेना.

आठवडाभराने तो दुकानात आला. "पेंटर, चल माझ्यासंगं. तिथं जाऊन खरं सांगायचंय. पाव्हण्याच्या नावावरचं ते काढून टाकायचंय. तुला नीट बोलता येतं."

मी गेलो, पण मला बोलावं लागलंच नाही. मैदानावर तोच तपासणारा पोरगा होता. वाईट नव्हता बिचारा. उन्हात रापलेला, हातात हातोडी. गोरक्षने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, चारही लॉक मी स्वतः फिरवून बघितले होते. चांगले होते."

"चांगलीच हुती. माझी हुती."

पोराने हातोडी खाली ठेवली. मागे ट्रेलरची रांग हॉर्न वाजवत होती. मग म्हणाला, "पास केली तेव्हा गाडी ठीक होती. इथून बाहेर पडल्यावर काय झालं ते आमच्याकडे येत नाही. आता मी काय बदलू?" तो आम्हाला आत साहेबांकडे घेऊन गेला. साहेबांनी ऐकलं, वाईट वाटलं म्हणाले, अपघाताची चौकशी आपल्या हातात नाही म्हणाले. मग एकदम पुढे झुकून विचारलं, "तुमच्या गावच्या अशा किती गाड्या आहेत?"

मी गोरक्षचा पाय दाबला. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"समद्याच," तो म्हणाला.

अजिनाथच्या कागदावर एक अक्षर बदललं नाही. त्याच्यासाठी आणखी दोन कचेऱ्यांत गेलो, तिथे आम्हाला एकमेकांकडे पाठवण्यात आलं. पण घोडेगावच्या गाड्यांची स्टिकरं मात्र त्याच आठवड्यात खरवडली गेली. सगळ्यांना पुन्हा तपासणी. गाड्या मैदानाबाहेर ओळीने उभ्या, कांद्याचं पाणी रस्त्यावर. मालकांनी ड्रायव्हरांना झापलं, दोघातिघांना घरी बसवलं. नवी लॉकं किती मालकांनी घेतली म्हणता? मला तरी एक माहीत नाही. पोरांनी नेवाशाच्या गाडीवाल्यांशी सूत जमवलं, त्यांची लॉकं आणली, पुन्हा पास झाले, पुन्हा परत केली. माझ्या दुकानासमोरून ते ट्रेलर रोज जातात, काचेवर नवं स्टिकर, खाली जुना झिजलेला लोखंडाचा तुकडा. ते बघून मला संताप येत नाही आता. पुढचं वळण कोणाचं एवढंच वाटत राहतं.

आणि गोरक्ष झाला गावाचा वैरी. ज्याच्या चार लॉकांवर यांनी आपली घरं चालवली, त्याच्याच दारावरून जाताना आता हे मुद्दाम हॉर्न दाबून ठेवतात. एकाने छबूबाईला तोंडावर सांगितलं, "तुमच्या पोरानं मेव्हना खाल्ला, आता गाव खायला निघालाय." म्हातारी त्या दिवसापासून ओट्यावर बसत नाही. गोरक्षने ट्रेलर घराच्या मागे लावून ठेवला. कोणी भाडं देत नाही आणि तो मागतही नाही.

शेवटी एक काम राहिलं होतं. तो म्हणायचा, आधी पाव्हण्याचं नाव धुऊन काढतो, मग दिपालीला सांगतो. नाव काही निघालं नाही. या दिवाळीच्या आधी तो मला म्हणाला, "आता नुसतंच सांगून येतो." मोटारसायकलवर मी त्याला पुणतांब्याला घेऊन गेलो.

दिपाली ओसरीवर शेंगा फोडत होती. भावाला बघून उठली, बसायला टाकलं. गोरक्ष टेकला आणि खाली मान घालून सांगत सुटला. लॉकं कशी बसवली, टपरीमागे कशी काढली, साखळी कशी आवळली. पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं, न थांबता. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "जोरात न्हवतं चालवलं त्यांनी. प्याले बी न्हवते. माझी लॉकं म्या काढून घेतली, म्हनून झालं. तू मला काय बोलायचं ते बोल."

मला वाटलं ती ओरडेल, छाती बडवेल. निदान नवरा निर्दोष होता म्हणून रडेल तरी. तिने सूप बाजूला सरकवलं. लहान मुलाला न कळलेलं गणित विचारावं तशा आवाजात तिने विचारलं.

"काढून घेतली ते घेतली. तुझीच हुती. पन मंग आधी दिली कशाला रं दादा? गाडी पास कशाला करून दिली? नापास झाली असती, तर शिव्या घालीत का व्हईना, घरी आलं असतं मानूस."

गोरक्षने मान वर केली.

"व्हय," तो म्हणाला. "आलं असतं."