घाट बंद होता

खोपोली सोडली त्या दिवशी आई पुण्याच्या एसटीपर्यंत आली होती. पोराला गाडी लागते, खिडकीशी बसवा, असं तिनं कंडक्टरला दोनदा बजावलं. पोरगा चोवीस वर्षांचा होता. गाडी हलताना एवढंच म्हणाली, "वरचं पाणी खाली येतं रं. वर गेलेलं मानूस येत नाय."

पाणी म्हणजे डोंगरावरच्या धरणांचं. जाड नळांतून ते आमच्या गावात उतरतं, वीज करतं, नदीला मिळतं. विजेमागून कारखाने आले, कारखान्यांमागून चाळी. त्याआधी इथं होतं काय, तर पेशवाईतलं एक तळं आणि काठावर महादेव. घाट चढण्याआधी बैलांनी पाणी प्यावं, माणसांनी जरा टेकावं. गाव वसलंच मुळी वर जाणाऱ्यांसाठी. आमच्यात पूर्व-पश्चिम कुणी सांगत नाही. घाटाकडचं ते वर, पनवेल-कर्जतकडचं ते खाली. शाळेत नवीन आलेल्या मास्तरांनी दुकानात वाणी कुठंय विचारलं, तर त्याची बायको म्हणाली, "हे वर गेलेत." मास्तर चपला काढून हात जोडून उभे राहिले. तेव्हा ती म्हणाली, "संध्याकाळी येतील की."

मी वर गेलो आणि पुण्याचाच झालो. फ्लॅट, पार्किंग, सोसायटीच्या मीटिंगा. 'नाय'चं 'नाही' झालं. आधी सणाला जायचो, पुढे सणाला फोन करायचो.

आता जे लिहितोय ते मी कुणाशी बोललेलो नाही. धाकट्या भावाशी, सुरेशशीही नाही.

चार वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, सकाळीच त्याचा फोन आला. आईला धाप लागली होती. मोठ्या हॉस्पिटलात न्या, असं डॉक्टर म्हणाला होता. "दादा, तिला वर आनतो. तुज्याकडं ऱ्हाईल, दाखवता येईल."

दुसऱ्या दिवशी लेकीला बघायला पाहुणे येणार होते. हॉलमध्ये खोकणारी आई माझ्या डोळ्यांपुढे आली. तिची बोली, तिची पिकदाणी. मी म्हणालो, "घाट बंद आहे रे. दरड आलीय. खालीच ने."

तो म्हणाला, "बरं."

पनवेलला नेली. पाचव्या दिवशी गेली. वेळेवर वर आणली असती तर वाचली असती का, कुणी सांगावं. मी ते विचारायची सोयच ठेवली नाही.

तेराव्याला ओट्यावर बसलो होतो. काकूनं सुरेशला विचारलं, थोरला पुण्यात असताना म्हातारीला वर का नाय नेली रं?

"घाट बंद होता, काकू," तो म्हणाला आणि पत्रावळी आणायला आत गेला.

मी मान वर केली. आमच्या ओट्यावरून घाटाची तीन वळणं उघडी दिसतात. पावसातही ट्रकचे दिवे मोजता येतात. फोनवर बोलताना सुरेश तिथंच उभा असणार. घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला मी घाट बंद असल्याचं सांगितलं होतं.

सुरेश, घाट उघडा होता. तुला तेव्हाच दिसत होतं, आणि तुला ते दिसलं हे मला त्या तेराव्यापासून ठाऊक आहे. आळीत अजून म्हणतात, थोरल्याची लई तडफड झाली, पन घाटानं घात केला. माझ्यासाठी घर म्हणजे आता एवढंच उरलंय. तिथं माझं खोटं तू सांभाळून ठेवलंस, आणि मी आलो की न बोलता चहा पुढे करतोस.