एक, तीन, चार, दोन

जगातली सगळी भांडणं वजनातल्या फरकामुळं होतात, असं ठाम मत असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आमच्या दाजींसमोर सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू आल्या की ते त्या दोन तळहातांवर घेऊन डोळे मिटायचे. जेवायला बसले की भाकरी तोलून अक्काला सांगायचे, "डावी जड हाय." अक्का म्हणायची, "मग डाव्या दाढेनं खा." लग्नकार्यात ते मांडवात कमी आणि मांडवाबाहेर जास्त असायचे. आत पंगत बसली तरी हा माणूस बाहेर उकिडवा बसून पाहुण्यांच्या चपलांचे जोड लावत असायचा. कुणी हसलं की शांतपणे म्हणायचे, "एका पायात दुसऱ्याची घालून माणूस घरापस्तोर जातंय. पर नीट चालत न्हाई."

तरुणपणी त्यांनी लातुरात एका गॅरेजात उमेदवारी केली होती आणि इंजिनाच्या पलीकडं त्यांना जगाची दुसरी उपमा सुचत नसे. लातूर नुकता जिल्हा झाला होता. त्याचं सगळ्यांना कौतुक, पण दाजी म्हणत, "जुन्या बॉडीतून कापून काढलेलं इंजिन हाय. आवाज येणारच. रुळू द्या." नव्या जिल्ह्याच्या धामधुमीत कुठल्याशा कचेरीनं आपली म्हातारी जीप लिलावात काढली. ती कुणी घेईना, म्हणून दाजींनी घेतली. बैल लावून ती गावात आली तेव्हा मुलं मागं पळत होती आणि अक्का दार लावून आत बसली होती.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. सरकारी टँकर गावाच्या चौकात थांबायचा आणि तिथंच रिकामा व्हायचा. आमची बौद्ध वस्ती गावाच्या खालच्या अंगाला; आमचं आणि दाजींचं घर तिथंच. तिथवर पाइपातले चार थेंब आणि टँकरवाल्याचं "उद्या बघू" एवढंच पोचायचं. बायका नदीच्या पात्रात झिरे उकरून वाटीनं घागर भरत. गावापासून लांब एका मळ्यात विहिरीला मात्र पाणी होतं, आणि मळेवाला न्या म्हणत होता. दाजींनी जीपमागं टाकी जोडायचं ठरवलं आणि विहाराच्या पायरीवर उभं राहून सांगून टाकलं, "पाणी मी आणतो." बोलून गेल्यावर त्यांनी इंजिन उघडलं. आत चारही पिस्टन झिजलेले आणि एक कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खाली क्रँकशी जोडणारी दांडी, वाकलेला.

लातूरच्या उस्तादांनी, ज्यांच्या हाताखाली दाजी शिकले होते, साधा उपाय सांगितला. "रिंगा बदल, दांडी ठोकून सरळ कर, चालू कर. पावसाळ्यापर्यंत चालतंय."

"दिवसाला किती खेपा चालंल, उस्ताद?"

"दोन. लई झालं तर तीन."

"मला चार पायजेत," दाजी म्हणाले. गावाचे भाग चार होते: चौक, माळगल्ली, वरची आळी आणि आमची वस्ती. टाकी लहान, एका खेपेला एकच भाग. तीन खेपांत इंजिन बसलं तर कोण कोरडं राहणार, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मी तेव्हा नांदेडला कॉलेजात होतो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेला पहिलाच, आणि माझ्या खोलीवर पीठ-डाळ दाजींच्या घरून यायची. या वेळी पिठाच्या पोत्यासोबत स्वतः दाजीच आले. पिस्टनचा बंद डब्यातला संच परवडणारा नव्हता, म्हणून त्यांनी सुटे घ्यायचं ठरवलं होतं. "पिस्टन नवं, दांडी जुनी," हे त्यांचं धोरण. "दांडी झिजत न्हाई, मेव्हणं, ती वाकती. सरळ भेटली का जुनी बी चालती." जुन्या बाजारात त्यांनी भंगाराच्या ढिगात बैठक मारली. कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक दोन तुकड्यांचं असतं. खालच्या तुकड्याला टोपी म्हणतात, आणि दोन्हींवर एकच नंबर ठोकलेला असतो. ढिगात दांड्या एकीकडं, टोप्या दुसरीकडं. दुकानदार म्हणाला, "काका, कोणतीबी बसतीय की." दाजींनी त्याच्याकडं असं बघितलं, जणू त्यानं कुणाची बायको कुणालाही नांदवायला सांगितली होती. ज्याची टोपी त्याच्याच डोक्याला, यावर ते अडून राहिले आणि रिकाम्या हातानं उठले.

पिस्टन मात्र मिळाले. पिशवीभर सुटे पिस्टन घेऊन त्यांनी मला सराफ्यात नेलं, कारण किराण्याच्या काट्यावर त्यांचा भरवसा नव्हता. सराफानं चांदीची भांडी तोलायचा काटा पुढं ओढला आणि पिशवीत डोकावला.

"हे काय आणलंत?"

"चार भाऊ निवडायचेत, शेटजी. सख्खे."

सराफाला गंमत वाटली असावी. गिऱ्हाइकी थंड होती, दुष्काळात चांदी कोण घेणार. तोही रंगला. जड-हलकं करता करता तीन सख्खे निघाले, चौथा किंचित जड. मी म्हणालो, बाकीच्या तिघांना काहीतरी चिकटवता येणार नाही का? "न्हाई," दाजी म्हणाले. "जडाला आतून घासायचं. हलक्याच्या डोक्यावर वझं द्यायचं न्हाई." मग माझ्या आंघोळीच्या बादलीत रॉकेल ओतून त्यांनी पिस्टन धुतले. दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती; तिला मी रॉकेलच्या वासातच बसलो. पर्यवेक्षक माझ्या बाकाजवळ फार वेळ थांबत नसत.

सुट्टीत मी गावी गेलो तर जीप अजून उघडीच. इंजिनातल्या तीन दांड्या काचेवर ठेवून सरळ ठरल्या होत्या, चौथी मिळत नव्हती. उस्तादांनी एक पाठवली होती. तिचा आणि टोपीचा नंबर वेगळा, म्हणून दाजींनी परत केली. येणारा-जाणारा विचारायचा, "दाजी, पाणी कवा?" अक्का झिऱ्यावरून डोक्यावर दोन घागरी घेऊन आली, उतरवल्या आणि कुणाकडं न बघता म्हणाली, "यांची दांडी सरळ व्हस्तोवर माझी पाठ वाकून चालली."

दाजींनी पाना खाली ठेवला. धोतराला हात पुसले आणि नांदेडची गाडी धरली. मीही सोबत गेलो. पुन्हा तोच ढीग. दांडी सकाळीच सापडली, टोपी सापडेना. दुपारी ती दिसली दुकानदाराच्याच टेबलावर. त्यानं तिच्यात उदबत्ती खोचली होती. दाजींनी उदबत्तीला नमस्कार केला, ती हलक्या हातानं काढून खिडकीच्या फटीत लावली आणि टोपी उचलली.

जीप सुरू झाली तेव्हा उस्ताद मुद्दाम आले होते. त्यांनी बॉनेटवर पाण्यानं भरलेला पेला ठेवला. पाणी थरथरलं, पण सांडलं नाही. मान डोलावून ते एवढंच म्हणाले, "हाव."

आता वस्तीत घागरींची रांग लागली. मळ्यातून येताना वाटेवर पहिला चौक, दुसरी आमची वस्ती, तिसरी माळगल्ली, चौथी वरची आळी. पहिली खेप चौकात रिकामी झाली. एरवी वस्तीतल्या माणसाच्या हातचं पाणी म्हटलं की चौकातल्या काही घरांत कपाळाला आठ्या पडत. त्या दिवशी बायकांनी घागरी पुढं केल्या, दाजींनी नळी धरली, आणि एकाही कपाळाला आठी पडली नाही. दुसरी खेप भरून दाजी आले आणि वस्तीवरून, स्वतःच्या दारावरून, थेट माळगल्लीत गेले. तिसरी वरच्या आळीला. वस्ती खवळली. "गाडी घरची आन घरालाच शेवटी?" दाजींनी खिडकीतून डोकं काढलं. "चार पिस्टनचं इंजिन एक, तीन, चार, दोन असंच पेटतंय. लायनीनं पेटवलं तर क्रँक तुटंल." अक्का घागर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "चौथी खेप न्हाई आली तर तुम्हाला घरात घेत न्हाई."

दिवस मावळता मावळता चौथी खेप आली. दुसऱ्या दिवशी सुरुवात तीनपासून, म्हणजे माळगल्लीपासून झाली, मग चारपासून, आणि त्यानंतरच्या सकाळी पहिली टाकी वस्तीच्या दारात उभी राहिली. तीनपासून सुरुवात झाली त्या दिवशी चौक शेवटी होता. चौकातला एक जण विचारायला आला, तर माळगल्लीतल्या म्हातारीनंच त्याला सुनावलं, "इंजिनाला इचार."

पुढं पाऊस आला, नळ आले, जीप लिंबाखाली गंजली. मी पदवी घेऊन नोकरीला लागलो. दाजी जाऊनही आता बरेच दिवस झाले. परवा त्यांच्या नातीचं लग्न होतं. चारी भागांतून माणसं आली होती. मी बाहेर आलो तर मांडवाच्या तोंडाशी चपलांचा हा ढीग. चौकातली कुठली, वस्तीतली कुठली, काही कळत नव्हतं. मी पँट सावरून खाली बसलो आणि जोड लावू लागलो. मागं अक्का केव्हा येऊन उभी राहिली ते समजलं नाही. तिनं वाकलेली पाठ आणखी वाकवून माझ्या हातातली एक चप्पल काढून घेतली.

"तोलून बघ," ती म्हणाली. "ही हिच्या जोडीची न्हाई."