पाहिले आणि ऐकिले

संकेश्वर मागे पडून तासभर झाला तरी परशराममामा बोलायला तयार नव्हते. एरवी वाटेतल्या प्रत्येक देवळाची नि पाराची हकीकत सांगून कान किटवणारे मामा आज नुसते पुढे बघून चालत होते. दोन्ही बाजूंना ऊस, मधून गाडीवाट, गुऱ्हाळाचा धूर अंगावर येतोय. विनोदिनीबाई पदर सावरत मागून येत होत्या. हिरण्यकेशीच्या काठचं ते गाव अजून कोसभर लांब होतं.

बाई बेळगावला मुलींच्या शाळेत शिकवीत. शेतकरी घरांतल्या बायकांनी केलेल्या धर्मकार्यांवर त्यांनी निबंध लिहिला होता आणि तो आठ दिवसांनी बेळगावातल्या अभ्यासक मंडळापुढे वाचायचा होता. तिथं आजवर बाईमाणसानं काही वाचलं नव्हतं. सगळा निबंध एका दगडावर उभा होता. हिरण्यकेशीकाठच्या या गावची विहीर मालुबाई नावाच्या एका शेतकऱ्याच्या विधवेनं बांधली आणि तसा लेख विहिरीच्या दगडावर कोरलेला आहे, अशी टीप हरिभाऊ वकिलांच्या त्रैमासिकात बावीस वर्षांपूर्वी छापून आली होती. बाईंनी ती जशीच्या तशी उतरवली आणि निबंध स्वच्छ प्रतीसाठी मामांकडे दिला. चार दिवसांनी मामा दारात हजर.

"समदं लिवलं. तेवढी एक टीप ऱ्हायलीया. चला बाई, बघून येऊ."

मामांचा काटेकोरपणा ठाऊक असल्यामुळे बाईंना यात काही नवल वाटलं नाही. आईनंही मामा बरोबर आहेत म्हटल्यावर जाऊ दिलं.

मामा मूळचे काकतीचे. शिक्षण मराठी चार इयत्ता. मोडी ते एका तलाठ्याकडे बसून शिकले. छापखान्यात खिळे जुळवणारा म्हणे, मामांची प्रत आली की मला चष्मा लागत नाही. हरिभाऊंकडे कारकून म्हणून गेले ते तिथलेच झाले. कागदाला रेघ न मारता घडी घालून समास पाडायचा. तळटीप तांबड्या शाईनं. आधी ग्रंथकर्ता, मग ग्रंथ, मग पान, आणि सगळ्यात शेवटी एक शब्द: 'पाहिले' नाहीतर 'ऐकिले'. हा हरिभाऊंचा दंडक होता. लेखक स्वतः पुराव्यापर्यंत गेला नसेल तर मामांनी पायी जाऊन बघून यायचं आणि मगच शब्द घालायचा. एका प्रोफेसरांचा लेख मामांनी समासात सात ठिकाणी 'कुठं बघितलं?' असं लिहून परत धाडला होता. त्यांची बायको अक्काताई चेष्टा करायची, "लोकांस्नी इचारत फिरतासा. मला बघून केलंसा का ऐकून?" मामा म्हणत, "ऐकून. बघितलं असतं तर काकती सोडून पळालो असतो." हरिभाऊ वारले, त्रैमासिक बंद पडलं, तरी लिहिणारे लोक प्रती मामांकडेच देत. मामांनी 'पाहिले' लिहिलं की पुन्हा कोणी तपासत नसे.

ओढ्यापाशी मामा थांबले. पागोटं काढून मांडीवर घेतलं.

"बाई, त्यो दगड मी बघितल्यालाच न्हाय."

बाईंना आधी कळेचना. "पण टिपेत 'पाहिले' आहे."

"म्याच लिवलं. श्रावणात आलतो. नदीला लई पाणी हुतं, नाव सोडीनात. दोन दिस काठावर बसलो. संकेश्वरच्या बाजारात ह्या गावचा मारुतीराव भेटला, त्यानं सांगितलं, दगडावर मालुबाईचं नाव हाय म्हनून. परत गेलो. हरिभाऊंनी इचारलं, बघून आलासा? तर व्हय म्हनून गेलो. म्हटलं, सुगीनंतर जाऊन येऊ. मग अक्काताई दुखण्यानं पडली. तवर चार जणांनी ती टीप उचलली. मग पायच निघंना."

बाईंना राग आला, पण म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं. "असेलही लेख," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या. मनात रामरक्षा चालू होती.

नदी आता पायीच उतरता आली. पलीकडे विहीर होती. चांगली बांधीव, पायऱ्यांची. वरच्या पायरीशी दगड उभा होता. मामांनी त्यावर पाणी ओतलं, पदरानं बाईंनी पुसला. वर सूर्य-चंद्र, खाली गायवासरू. अक्षर एकही नाही. बाईंनी मागची बाजू चाचपली, बुडाची माती उकरली.

कपडे धुणारी एक म्हातारी कमरेवर हात ठेवून बघत होती. "काय गं बाई, सोनं पुरलंया व्हय तितं?"

"अक्षरं शोधतोय. ही विहीर कुणी बांधली?"

"मालुबाईनं. लहान पोरगं बी सांगंल. त्याला अक्षरं कशाला लागत्यात?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सासूनं. तिला तिच्या सासूनं."

"नाव काय तुमचं?"

"माजं?" म्हातारी मागं सरली. "पोलिसातल्या हाईसा का काय?"

"न्हाय गं आक्का," मामा म्हणाले. "बाई निबंध लिवत्यात."

तिनं नाव सांगितलं, नागुबाई. बाईंनी ते वहीत उतरवलं.

परतताना बाईंनी मनाशी ठरवलं होतं ते बोलून टाकलं. "मामा, मी 'ऐकिले, नागुबाई' एवढंच घालते. मंडळी हसायची ती हसतील. जुन्या टिपेचं नाव काढायला नको. हरिभाऊ गेले, तुमचं वय झालं, आता कोण विचारतंय?"

मामा वळून बाईंसमोर उभे राहिले.

"तुमचं झालं," ते म्हणाले. "त्या चार जणांचं काय? माज्या भरवशावर त्यांनी छापलंय. त्यांच्यावरनं आणिक चार जण छापतील."

"मग?"

"मग एक काम करा माजं. निबंधाची प्रत मी लिवतो, पर ती टीप तुमच्या हातानं लिवा. माजं पुरं नाव घाला, परशराम यल्लाप्पा काकतीकर. ह्यानं बघितलं नव्हतं आन् बघितलं म्हनून लिवलं, असं साफ लिवा. हरिभाऊंस्नी मधी आणू नका, त्यांनी निस्ता इश्वास ठेवला. आन् मंडळापुढं वाचताना ती टीप गाळू नका. मोठ्यानं वाचा. मी बसंन तितं."